लुआऊच्या पंगतीची कुळकथा

१८१९च्या नोव्हेंबरात हवाई बेटावरच्या कैलुआ गावी राजाघरी जेवणावळ होती. पंगती दोन मांडल्या होत्या, पुरुषांची वेगळी आणि बायकांची वेगळी. बाईने पुरुषासोबत जेवायचं नाही, हा त्या बेटांवरचा पिढ्यान्‌पिढ्यांचा दंडक होता. डुकराचं मांस, नारळ, केळ्यांच्या बहुतेक जाती आणि काही मासे बायकांना वर्ज्य होते आणि नियम मोडणाऱ्याला देहान्तापर्यंत शिक्षा होऊ शकत होती. त्या दिवशी बावीस वर्षांच्या आसपासचा राजा लिहोलिहो पंगतींभोवती दोन-तीन फेऱ्या मारून शेवटी बायकांच्या पंगतीत जाऊन बसला आणि जेवू लागला. त्याची आई केओपुओलानी आणि राज्याचा कारभार हाती असलेली काआहुमानु, या दोघींनी त्याला तिथवर आणलं होतं. देव कोपले नाहीत. 'कापू' नावाची निषेधांची सगळी व्यवस्था त्या एका जेवणाने कोसळली. ख्रिस्ती मिशनऱ्यांचं पहिलं जहाज तिथे पोहोचायला तेव्हा अजून काही महिने बाकी होते.

ज्या मेजवानीला आज जगभर 'लुआऊ' म्हणतात, तिचं कूळ मी या पंगतीपासून धरतो. हवाईतल्या घरगुती लुआऊत आजीपासून तान्ह्या पोरापर्यंत सगळे एका लांब टेबलाशी बसतात. हे बसणं दोन बायकांनी मिळवून दिलेलं आहे, आणि हॉटेलांच्या जाहिरातींत ही गोष्ट कधी येत नाही.

जाहिरातींत काय येतं, ते आपल्याला ठाऊक आहे. समुद्रकिनारा, मशाली, अननसात खोचलेली कागदी छत्री. वायकिकीच्या आसपास अशा एका संध्याकाळचं माणशी तिकीट १०० डॉलरच्या वर जातं. म्हणून हवाई पद्धतीची पार्टी घरी, कमी खर्चात करायची म्हटलं की माणूस मनातून थोडा खट्टू होतो. अस्सल गोष्टीला कात्री लावून काहीतरी चालवून घ्यायचं, असं त्याला वाटतं. या ताटातला एकेक पदार्थ त्याच्या मुळापर्यंत नेऊन पाहिला तर दिसतं ते वेगळंच. खारवलेला मासा, डब्यातलं मांस, शेवया, कोबी, मॅकरोनी, कॉर्नफ्लोर: काटकसर या स्वयंपाकात पहिल्यापासून आहे. थाटमाट नंतर आला, आणि तोही बराचसा बाहेरून.

मेजवानीचं जुनं नाव 'आहाआइना' किंवा 'पाइना'. 'लुआऊ' हे कालोच्या, म्हणजे अळूच्या कोवळ्या पानाचं नाव. ते पान प्रत्येक मेजवानीत शिजायचंच, म्हणून पुढे मेजवानीलाच ते नाव चिकटलं. होनोलुलूच्या 'पॅसिफिक कमर्शियल अ‍ॅडव्हर्टायझर' या वर्तमानपत्रात १८५६मध्ये ते या अर्थाने छापलेलं सापडतं. कालो म्हणजे आपलंच अळू, तीच वनस्पती. हजारेक वर्षांपूर्वी पॉलिनेशियन दर्यावर्दी आपल्या जोडहोड्यांतून कालो, केळी, नारळ, ऊस, रताळी, विलायती फणस, डुकरं आणि कोंबड्या घेऊन या बेटांवर उतरले. आपल्याकडेही लग्नाच्या पंगतीत अळूचं फदफदं लागतंच, आणि त्या पंगतीतल्या अळूला कुणी स्वस्तातली भाजी म्हणून नाक मुरडत नाही. हवाईत तर अळूला वडीलकीचा मान आहे. आकाशपिता वाकेआ आणि होओहोकुकालानी यांचं पहिलं मूल मृत जन्मलं; ते जिथे पुरलं तिथे कालोचं रोप उगवलं. पुढे जन्मलेलं दुसरं मूल, हालोआ, हा माणसांचा मूळपुरुष. त्यामुळे हवाईयन माणूस कालोला थोरला भाऊ मानतो आणि कालोचा कंद शिजवून-कुटून केलेली पोई टेबलावर असताना भांडण करायचं नाही, असा घराघरांतला जुना रिवाज आहे.

३१ जुलै १८४७ रोजी तिसऱ्या कामेहामेहाने नुउआनुच्या खोऱ्यात राज्य परत मिळाल्याच्या वर्षदिनी हजारो लोकांना जेवू घातलं. त्या दिवसाच्या कोठीची यादी नोंदलेली आहे, आणि माझ्या मते या विषयातला तो सगळ्यांत बोलका कागद आहे. २७१ डुकरं, ४८२ मोठे भोपळे भरून पोई, ६०२ कोंबड्या, ३ अख्खे बैल, ३,१२५ खारे मासे, १,८२० ताजे मासे, २,२४५ नारळ, कालोचे ४,००० कंद. इथपर्यंत सगळं अपेक्षित. पुढे मात्र याच यादीत खारवलेल्या डुकराची पिंपं येतात, पावांची पिंपं येतात, बटाटे, कांदे, ८२ टर्की, आणि लुआऊच्या पानांबरोबर कोबीसुद्धा. म्हणजे राजाच्या मेजवानीतही पानांच्या जोडीला कोबी होताच. आणि अननस किती? ५५. हजारो माणसांत ५५ अननस. हवाईच्या नावावर आज जे फळ सगळीकडे खपतं, त्याचं राजाच्या पंगतीतलं स्थान एवढंच होतं.

त्या यादीतली डुकरं 'इमु'त भाजली जात. जमिनीत खड्डा खणायचा, लाकडं पेटवून सच्छिद्र ज्वालामुखी दगड लालबुंद करायचे, त्यावर ठेचलेल्या केळीच्या सोपटांचा थर, मग टी नावाच्या झाडाची रुंद पानं, मीठ चोळलेलं डुक्कर, पुन्हा पानं, ओली पोती आणि वरून माती. सोपटांतलं पाणी दगडांवर वाफ होतं आणि कित्येक तास आत कोंडून राहतं. या पद्धतीने शिजवण्याला 'कालुआ' म्हणतात. यात मसाला म्हणाल तर एकच, मीठ. बाकीचं काम धूर, वाफ आणि वेळ करतात. तिन्ही गोष्टींना पैसे पडत नाहीत, फक्त माणसं लागतात: खणायला, दगड वाहायला, पहाटेपासून राखण करायला. घरच्या लुआऊत हे काम आजही काका-मामा आणि शेजारी वाटून घेतात.

ही मेजवानी घरोघरी टिकली ती मुख्यतः मुलाच्या पहिल्या वाढदिवसामुळे. एकोणिसाव्या शतकात बाहेरून आलेल्या रोगांनी बेटं ओस पाडली. १८४८-४९मध्ये गोवर, डांग्या खोकला आणि इन्फ्लूएंझा एकापाठोपाठ आले, १८५३मध्ये देवी. मूल वर्षाचं होणं हीच केवढी मोठी गोष्ट होती. हवाईत पहिल्या वाढदिवसाचा 'बेबी लुआऊ' आजही लग्नाइतका मोठा होतो, मग ते घर हवाईयन असो, जपानी असो की फिलिपिनो. गॅरेज रिकामं करतात, अंगणात ताडपत्री बांधतात, घडीची टेबलं लावतात आणि प्रत्येक घर एकेक मोठी परात घेऊन येतं. स्वस्त पार्टीची याहून जुनी आणि भरवशाची पद्धत मला माहीत नाही.

आता ताटातल्या भाताकडे येऊ. भात मूळ हवाईयन नव्हे, आणि तो कसा आला हे सांगायचं तर उसाच्या मळ्यांबद्दल सांगावं लागतं. काउआई बेटावर कोलोआ इथे १८३५मध्ये उसाचा पहिला मोठा मळा उभा राहिला. १८५२मध्ये चिनी मजूर आले, पाच वर्षांच्या करारावर, महिना ३ डॉलर पगाराने. १८६८मध्ये दीडशेच्या आसपास जपानी आले आणि १८८५पासून त्यांचा ओघच लागला. १८७८मध्ये मदेइरा बेटांवरून पोर्तुगीज, १९००मध्ये पोर्तो रिकोचे लोक, १९०३मध्ये कोरियन, १९०६मध्ये पहिले १५ फिलिपिनो. मालकांनी प्रत्येक देशाच्या लोकांची वस्ती वेगळी ठेवली आणि पगारही देशागणिक वेगळा ठरवला. १९०९मध्ये जपानी मजूर संपावर गेले तेव्हा त्यांची तक्रार हीच होती: त्याच कामाला पोर्तुगीज आणि पोर्तो रिकोच्या मजुरांना महिना २२ डॉलर ५० सेंट, आणि आम्हाला १८.

वस्त्या वेगळ्या होत्या, पण दुपारी सगळे एकाच शेतात जेवायला टेकत. प्रत्येकाजवळ 'काउकाउ टिन' असे, मळ्यांवरच्या मिश्र बोलीत काउकाउ म्हणजे खाणं. आपल्या गिरणीकामगाराच्या दुमजली डब्यासारखाच तो डबा, खालच्या खणात भात आणि वरच्या खणात तोंडीलावणं. जपान्याच्या डब्यात सोया सॉसमधलं काहीतरी आणि खारवलेलं आलुबुखार, कोरियनाच्या डब्यात किमची, फिलिपिनोच्या डब्यात व्हिनेगरमधलं अडोबो, पोर्तुगिजाच्या डब्यात सॉसेज. सगळे गोल करून बसत आणि डब्यांचे वरचे खण फिरवत. खालचा भात सगळ्यांचा सारखाच होता आणि त्यावर कुणाचंही तोंडीलावणं चालत होतं. हवाईचा 'लोकल' स्वयंपाक म्हणतात तो असा दिवसाला १० तास ऊस तोडणाऱ्या माणसांनी उघड्या रानात घडवला आहे.

१९३०च्या दशकात हेच जेवण गोदीपाशी आणि कारखान्यांपाशी गाड्यांवर विकलं जाऊ लागलं आणि त्याला 'प्लेट लंच' नाव पडलं. आइस्क्रीमच्या डावाने काढलेले भाताचे दोन गोळे, एक गोळा मॅकरोनी सॅलड, आणि एक मांसाचा प्रकार. होनोलुलूच्या कापाहुलू भागात सेइजु इफुकु यांनी १९६१मध्ये उघडलेलं 'रेनबो ड्राइव्ह-इन' आजही त्याच मापाने वाढतं. इफुकु पूर्वी अमेरिकी लष्करात आचारी होते, मोठ्या संख्येला पोटभर आणि झटपट खाऊ घालायचा सराव त्यांना तिथलाच. हिलो शहरातला 'लोको मोको' याच जातीचा: १९४९मध्ये लिंकन ग्रिल या खानावळीत खेळून आलेल्या पोरांना खिशाला परवडेल असं काहीतरी गरम हवं होतं, म्हणून भातावर खिम्याची टिक्की आणि वरून दाट ग्रेव्ही घालून २५ सेंटला दिली. अंडं त्यावर नंतर चढलं.

पोर्तुगिजांच्या डब्यापाशी मला जरा थांबायचं आहे. मदेइरातल्या लोकांनी हवाईला दिलेल्या पदार्थांत 'व्हिन्या द'आल्योश' हा एक आहे: डुकराचं मांस व्हिनेगर, लसूण आणि मिरचीत दोन-तीन दिवस मुरवायचं आणि नाताळात परतायचं. हाच पदार्थ तीन शतकं आधी गोव्यात उतरला आणि तिथल्या ताडीच्या शिर्क्यात आणि मसाल्यात मुरून विंदालू झाला. पावाचंही तेच. गोव्यामुंबईला पाव शिकवणाऱ्यांच्याच देशाच्या एका कोपऱ्यातून हवाईला 'पाव दोसे', म्हणजे गोड पाव, गेला. १९५०मध्ये हिलोत बेकरी काढलेल्या रॉबर्ट तायरा या जपानी वंशाच्या माणसाने तो इतका नावारूपाला आणला की आज अमेरिकेतल्या दुकानांत तो 'हवाईयन' पाव म्हणूनच विकला जातो. गोव्यातल्या घरी हवाई पार्टीसाठी विंदालू ठेवलं तर त्यात उसनवारी काहीच नाही, ते हवाईच्या पोर्तुगीज घरांतही शिजतंच.

लुआऊत हमखास असणारी 'लोमी सामन' ही थंड कोशिंबीर हवाईची खास मानतात, पण सामन मासा त्या समुद्रात मिळतच नाही. वायव्य अमेरिकेच्या किनाऱ्यावर व्यापार करणारी हडसन्स बे कंपनी १८३०च्या सुमारास खारवलेल्या सामनची पिंपं होनोलुलूला आणून विकू लागली. हवाईच्या लोकांनी तो खारा मासा पाण्यात भिजवला, हाताने कुस्करून मऊ केला, त्यात टोमॅटो आणि कांदा घातला. एवढीशी खारी मासळी आणि त्यावर भरपूर टोमॅटो. एक किलो मासा पन्नास माणसांना पुरतो. 'चिकन लाँग राइस'मध्ये भाताचा दाणाही नाही, ती चिनी मुगाच्या पारदर्शक शेवयांची आल्याच्या रश्श्यातली खिचडी आहे. एका कोंबडीत अख्खं अंगण जेवतं, ही तिची खरी थोरवी.

आणि स्पॅम. मिनेसोटातल्या होर्मेल कंपनीने १९३७मध्ये डुकराच्या खांद्याचं मांस आणि हॅम मिळून हा चौकोनी डबा बाजारात आणला. ७ डिसेंबर १९४१ला पर्ल हार्बरवर हल्ला झाला, बेटांवर लष्करी कायदा लागला, आणि मासेमारीत पुढे असलेल्या जपानी वंशाच्या कोळ्यांच्या होड्या जप्त झाल्या किंवा धक्क्याला बांधून ठेवाव्या लागल्या. ताजा मासा दुर्मीळ झाला आणि शीतकपाटाशिवाय टिकणारा डबा लष्करी कोठारांतून घरोघरी पोहोचला. युद्ध संपलं, स्पॅम राहिला. जेमतेम १४ लाख वस्तीच्या या राज्यात दरवर्षी सुमारे ७० लाख डबे खपतात, असं सांगितलं जातं. लोकांनी त्याला आपल्या चवीत ओढलं: काप करून तव्यावर खरपूस करायचे, सोया सॉस आणि साखरेत घोळवायचे, भाताच्या विटेवर ठेवून नोरीची, म्हणजे वाळवलेल्या समुद्रशेवाळाची पट्टी गुंडाळायची. या 'स्पॅम मुसुबी'चं श्रेय १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला काउआईत ती विकणाऱ्या बार्बरा फुनामुरा यांना बहुधा दिलं जातं, दावेदार इतरही आहेत. भाताची वीट पाडायला साचे मिळतात. पण रिकामा डबा दोन्ही बाजूंनी कापला की त्याचाच साचा होतो, कारण काप आणि डबा एकाच मापाचे. युद्धाच्या आणि टंचाईच्या डब्याला मुलांच्या सहलीचा लाडका खाऊ बनवणाऱ्या त्या हातांचं मला फार कौतुक वाटतं.

कोंबडीचीही अशीच हकिगत. १९५५मध्ये अर्नेस्ट मोर्गादो यांनी होनोलुलूत शेतकऱ्यांच्या एका बैठकीला घरच्या तेरियाकी सॉसमधली कोंबडी निखाऱ्यांवर भाजून दिली. दोन जाळ्यांच्या मध्ये कोंबड्या धरायच्या आणि सगळी जाळी एकदम उलटायची. उलटायची वेळ आली की 'हुली!' अशी हाक, म्हणजे उलट, फिरव. 'हुलीहुली चिकन' तिथून शाळांच्या आणि क्लबांच्या निधीसाठी रस्त्याकडेला विकली जाऊ लागली. बॅन्डच्या गणवेशापासून देवळाच्या छपरापर्यंत कितीतरी गोष्टी हवाईत या कोंबडीवर उभ्या राहिल्या आहेत.

मग अननस आणि छत्र्या कुठून आल्या? अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. जेम्स डोल यांनी १९०१मध्ये ओआहू बेटावर अननसाची कंपनी काढली, १९२२मध्ये लानाई हे अख्खं बेट विकत घेतलं, आणि कित्येक दशकं जगातला बहुतांश डबाबंद अननस हवाईतून जात राहिला. डबे खपवायला अमेरिकेतल्या मासिकांत जाहिराती आणि पाककृती छापल्या गेल्या, आणि ज्यात अननसाची चकती पडेल ते 'हवाईयन' झालं. छत्र्या, बांबू आणि रमची पेयं कॅलिफोर्नियाची: हॉलिवूडमधलं 'डॉन द बीचकोंबर' आणि ओकलंडमधलं 'ट्रेडर व्हिक्स' यांनी १९३०च्या दशकात ती सजावट रचली. १९५९ला हवाई अमेरिकेचं राज्य झालं, १९६१ला एल्व्हिस प्रेस्लीचा 'ब्लू हवाई' चित्रपट आला, आणि अमेरिकेच्या उपनगरांत परसातले लुआऊ सुरू झाले. 'हवाईयन पिझ्झा' तर १९६२मध्ये कॅनडात ओंटारियोमधल्या चॅटम गावी सॅम पानोपुलोस यांनी केला. ते खाऊ नये असं मी म्हणणार नाही. खर्च वाचवायचा असेल तर मात्र कात्री तिथे लावावी.

या सगळ्यात एक गोष्ट बोचते. एके काळी सगळ्यांत स्वस्त असलेली पोई आज लुआऊच्या टेबलावर सगळ्यांत महाग पदार्थांपैकी एक आहे. कालोला वाहतं थंड पाणी लागतं आणि उसाला तर ते प्रचंड लागतं. माउईवर १८७८मध्ये हामाकुआचा कालवा पुरा झाला, ओआहूवर १९१६मध्ये वायाहोलेचा. पावसाळी बाजूचे ओढे डोंगर फोडून कोरड्या बाजूच्या उसाकडे वळवले गेले आणि खालची कालोची खाचरं सुकली. १८९३मध्ये राणी लिलिउओकालानीला पदच्युत करणाऱ्यांमागे साखरेचंच बळ होतं. ओआहूवरची साखर कंपनी बंद होऊ घातली तेव्हा वायाहोलेच्या शेतकऱ्यांनी आपलं पाणी मागितलं, आणि २०००मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने पाणी ही सार्वजनिक ठेव असल्याचं ठामपणे सांगितलं. माउईवरचा शेवटचा साखर कारखाना २०१६च्या अखेरीस थांबला. खाचरं हळूहळू पुन्हा लागताहेत, पण कालोची शेती अजून काही शे एकरांपुरतीच आहे. कुणी हवाईहून पोई आणली तर तिच्याकडे चवीपुरतं तोंडीलावणं म्हणून पाहू नये.

वीस माणसांचं ताट मांडायचं तर भातापासून सुरुवात करावी. हवाईत आखूड, चिकट दाण्याचा तांदूळ लागतो. बासमती इथे कामाचा नाही, आपला इंद्रायणी मात्र उत्तम, आणि दोन किलो पुरे. कालुआसाठी डुकराचा खांदा सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत योग्य, कारण त्यातली चरबी पाच-सहा तासांत विरघळून मांस आपोआप सुटतं. अडीच-तीन किलोचा तुकडा, जाडं मीठ, केळीच्या पानात गुंडाळून वरून फॉइल, आणि १६० अंशांच्या ओव्हनमध्ये निवांत सोडून द्यायचा. अमेरिकेत धुराच्या वासासाठी बाटलीतलं 'लिक्विड स्मोक' घालतात. आपल्याकडे शिजलेल्या मांसात वाटीत निखारा ठेवून, वर चमचाभर चरबी सोडून, झाकण ठेवून धुंगार द्यावा. डुक्कर चालत नसेल तर कोंबडीच्या मांड्या, वेळ निम्म्याहून कमी. आलं-लसूण, मिरपूड, काही म्हणजे काही घालू नये. हात शिवशिवतो, पण मीठ आणि धूर यांच्यावर विश्वास ठेवला तरच ती चव लागते.

भारतात स्पॅमचा डबा आयात केलेला आणि महाग, तेव्हा त्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. मुसुबीवर जाड ऑम्लेटची पट्टी किंवा सोया सॉसमध्ये परतलेलं टोफू हवाईतही ठेवतात. नोरीच्या एका मोठ्या कागदाच्या तीन-चार पट्ट्या होतात, एवढाच काय तो त्यातला खर्च. मॅकरोनी मुद्दाम गिचगिचीत होईपर्यंत शिजवायची, गरम असतानाच चमचाभर व्हिनेगर मारायचं, थंड झाल्यावर मेयोनीज, किसलेलं गाजर आणि किसलेला कांदा. आदल्या रात्री करून ठेवली तर चांगली. हुलीहुलीसाठी सोया सॉस, गूळ किंवा तपकिरी साखर, आलं, लसूण, थोडं केचप, थोडं व्हिनेगर.

आणि अळू विसरू नये, मेजवानीचं नाव ज्यावरून आहे ते. भाजीचं अळू बाजारात जुडीने मिळतं. पानं चिरून मिठाच्या पाण्यात पाऊण तास ते तासभर शिजवावीत. त्यांतले सुईसारखे स्फटिक शिजल्याशिवाय घसा खाजायचा थांबत नाही. आपण त्यासाठी चिंच घालतो, हवाईत नुसता वेळ देतात. मग शिजलेल्या कोंबडीचे तुकडे आणि नारळाचं दाट दूध घालून मंद आचेवर एकजीव करायचं. याला 'चिकन लुआऊ' म्हणतात. कोकणातल्या कुठल्याही आजीला हे भांडं पहिल्या वासाला ओळखू येईल, मेथीदाणे आणि शेंगदाणे कुठे गेले, एवढंच ती विचारेल.

गोडाला 'हाउपिया'. पूर्वी ती 'पिया' नावाच्या कंदाच्या सत्त्वाने घट्ट करत, आता कॉर्नफ्लोरने करतात, आणि हवाईतल्या आज्याही तेच वापरतात. दोन कप नारळाचं दूध, एक कप पाणी किंवा दूध, सहा मोठे चमचे साखर, पाच मोठे चमचे कॉर्नफ्लोर. घोटत दाट करायचं, ताटात ओतून थंड करायचं, वड्या पाडायच्या. तीन-चार पट केलं की वीस जणांना पुरून उरतं.

निघताना पाहुण्यांच्या हातात फॉइलने झाकलेली प्लेट द्यायची, हा हवाईतल्या घरांचा नेम आहे, म्हणून थोडं जास्तच रांधावं. घरात जे कालुआ उरेल ते दुसऱ्या दिवशी कढईत घालून त्यात एक मोठा कोबी चिरून टाकायचा आणि झाकण ठेवून कोबी मऊ पडेपर्यंत परतायचं. मांस निम्मं, कोबी निम्मा. 'कालुआ पिग अँड कॅबेज' या नावाने हवाईतल्या खानावळी हेच रोज विकतात.